वखारीचं खरं तोंड

"सोमवारी पाडणार? ही वखार?" निशांत इतक्या जोरात ओरडला की पोत्यांवर झोपलेलं मांजर उडी मारून पळालं.

"हळू बोल ना! नाना आधीच टेन्शनमध्ये आहेत," आफरीन कुजबुजली.

शहाण्णव सालची मे महिन्याची सुट्टी. निशांत आणि त्याची बहीण क्षिप्रा जवळच्या नव्या सोसायटीत राहायची, पण दिवसभर पडीक असायची ती बोनकोडे गावात, मकबूलचाचांच्या वखारीत. आफरीन त्यांची नात, त्यांना 'नाना' म्हणणारी, पनवेलहून सुट्टीला आलेली. गुळाचा आणि नव्या तांदळाचा तो वास आता कुठल्याच चकचकीत दुकानात सापडत नाही. तिघांना आजही फार आठवण येते त्याची!

सर्वेवाले नंदकिशोरसाहेब रस्त्यावर जेमतेम दोन मिनिटं उभे राहिले होते. सिमेंटची भिंत पाहिली, शटर पाहिलं आणि लिहून टाकलं, 'बांधकाम नवं, बेकायदा.' वखार जुनी असल्याचा पुरावा रविवारपर्यंत द्या, म्हणाले. कागदपत्रं तर कधीच पुरात गेली होती. चाचांनी दोन दिवस धड जेवणही केलं नव्हतं.

"अरे, इकडे या!" मागून क्षिप्राची हाक आली. "ह्या पायऱ्या बघा!"

मागच्या बंद दारापासून काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या निघून थेट भरावाच्या मातीत गडप झाल्या होत्या.

"मागच्या दाराला एवढ्या ऐसपैस पायऱ्या? कोणासाठी?" निशांतने डोकं खाजवलं.

तेवढ्यात टोपली घेऊन मासळीवाल्या मुक्ताबाई आल्या. पोरांचा प्रश्न ऐकून त्या खळखळून हसल्या.

"आरं पोरांनो, तवा रस्ता कुठं व्हता? हितं समदं पानी! मचवं भात घेऊन याच पायऱ्यांना लागायचं. माझा बाप त्याच मचव्यांवर नाखवा व्हता, त्योच सांगायचा. नंतर भराव झाला नि पानी गेलं."

आफरीन टुणकन उडी मारून म्हणाली, "म्हणजे ही मागची बाजू नाहीच! वखारीचं तोंड खाडीकडे आहे!"

"आणि साल नेहमी दर्शनी दारावर कोरतात!" क्षिप्रा ओरडली.

मग काय विचारता! तिघांनी दारावर टेकवलेल्या फळ्या ओढल्या. एका फळीखालून विंचू निघाला, तेव्हा निशांतने मारलेली किंकाळी पार पनवेलपर्यंत गेली असेल! आफरीन पिंपावर चढली आणि खुरप्याने दारावरच्या दगडाचे चुन्याचे थर खरवडू लागली. हाताला फोड आले. शेवटी दगडावर अक्षरं उमटली, 'सन १९०८'.

रविवारी साहेब आले.

"पुरावा कुठाय? मी समोरून नीट पाहिलंय."

"नाही साहेब," आफरीन ठामपणे म्हणाली, "तुम्ही पाठीमागून पाहिलंत!"

तिने त्यांना वळसा घालून नेलं. साहेब दगडाकडे बघतच राहिले. मग त्यांनी मुक्ताबाईंचं म्हणणं उभ्यानेच लिहून घेतलं आणि आपला जुना शेरा खोडला.

"चूक माझी. वखार पडणार नाही. आम्हाला जे दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत. शाबास!"

चाचांनी तिघांना जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी तान्हा असताना अब्बांनी दार रस्त्याकडे फिरवलं असणार. मला वाटायचं, त्यांनी मला एक दुकान दिलं. पोरांनो, त्यांनी तर मला बंदर दिलं होतं!"