पद्माबाईच्या ताटातलं विष

"माझी बायको आईला इख घालून राहिली," खुर्चीत टेकण्याआधीच धम्मानंद म्हणाला.

पोलिसातली नोकरी सोडून गोपीचंद राठोडने हिंगोलीत खासगी तपासाचा धंदा थाटला, तेव्हापासून सासू-सुनांची प्रकरणं त्याच्या पाचवीला पुजलेली. त्याचा जोडीदार देविदास मात्र विष म्हटल्यावर सरसावून बसला.

धम्मानंदची आई पद्माबाई हिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली होती. नांदेडला ऑपरेशन झालं, पण गाठ पूर्ण काढता आली नाही; इंजेक्शनं सुरू झाली आणि बाई काडीसारखी वाळत गेली. अंगात ताकद नाही म्हणून डॉक्टरांनी पुढचं इंजेक्शन थांबवलं. त्यांनी लिहून दिलेल्या पावडरचा डबा धम्मानंदने उघडून दाखवला, तर आत भलतंच पीठ!

"सैपाक राणी करते. दुसरं कोण असंल? उद्या तिला कायमची माहेरी नेऊन घालतो."

धम्मानंदच्या सेनगावच्या घरी राणी चुलीशी बसली होती. शाळा तिसरीत सुटलेली, डोळे रडून सुजलेले.

"ताकदीची पावडर व्हय? मी हात न्हाई लावला, दादा. मी रांधते, ताट नणंदबाई नेतात, आकांक्षाताई."

"रोज काय असतं?"

"भाकर, वरण, भाजी. दूध, अंडी घरचीच हायेत. समदे खातात."

गोपीचंदने डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. देविदासने भीतीने डोळे मिटून घेतले.

"साबुदाण्याचं पीठ," गोपीचंद म्हणाला. "वस्त्रगाळ केलेलं. पिठीसाखर आणि वेलची घालून."

खाटेवरच्या पद्माबाईचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तूप-साखर-भात, केळं, लेक लाडानं भरवते. वरणाचा वास येतो, पर ताटात येत न्हाई. अंडं तर सपनात येतं, बापा. सुनेच्या जिवावर येत असंल. मागू काहून?"

लेक आकांक्षा घरूनच जाऊन-येऊन हिंगोलीला बीएस्सी करत होती. नांदेडला आईसोबत तीच गेली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" गोपीचंदने तिला विचारलं.

"अर्धं इंग्रजीतच बोलले. गाठीच्या पेशींमधली प्रोटीन बनवायची यंत्रणा बेफाम चालते, म्हणून गाठ वाढते. दादा-वहिनीला त्यातलं काय कळणार?"

गोपीचंद चौकातल्या एसटीडीवर जाऊन नांदेडच्या डॉक्टरांशी बोलून आला आणि त्याने सगळ्यांना खाटेभोवती बसवलं.

"सून सैपाक करते, म्हणजे सूनच," देविदास कुजबुजला.

"सैपाक तिचा, ताट दुसरीचं," गोपीचंद म्हणाला. "आणि विष नव्हतंच. विष घालणारा वेलची कशाला घालेल? हे मायेच्या माणसाचं काम आहे. ताटातून काय गेलं ते बघा. वरण, दूध, अंडी, पावडर. तूप, साखर, भात मात्र राहिले. गेलेल्या चारही गोष्टींना एकच नाव आहे, प्रोटीन. ज्याला हे नाव कळतं त्यालाच त्या अशा नेमक्या वेचून काढता येतील. राणीबाई त्या डब्याला ताकदीची पावडर म्हणतात. सासूची ताकदच काढायची असती, तर त्यांनी आधी तूप बंद केलं असतं."

सगळ्यांच्या नजरा आकांक्षाकडे वळल्या.

"गाठ प्रोटीनवरच वाढते ना?" ती ओरडली. "मग ते बंद केलं की गाठ सुकंल! वहिनीला सांगितलं असतं तर तिनं चोरून खाऊ घातलं असतं."

"डॉक्टरांना विचारलं होतंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"ती यंत्रणा गाठीच्या आत आहे, पोरी. तिला लागणारा माल ताटातून मिळाला नाही तर ती आईच्या मांसातून ओढते. तू गाठ उपाशी ठेवली नाहीस, आई उपाशी ठेवलीस. अंग भरल्याशिवाय इंजेक्शन नाही, आणि गाठ काही तोवर थांबत नसते."

आकांक्षाने आईच्या कुशीत डोकं खुपसलं. पद्माबाईने हात तिच्या डोक्यावर ठेवला. "लेकरू हाय. मायेपोटी केलं." धम्मानंदने डोळे पुसले आणि बहिणीला जवळ घेतलं.

राणीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. देविदासला त्या घराची चीड आली, आणि स्वतःचीही.

"राणी, आईला वरण आण," धम्मानंद म्हणाला.

राणीने वाटी भरून आणली आणि नवऱ्यासमोर ठेवली.

"ताईनं उपाशी ठेवलं ती माया, अन् मी रोज रांधलं ते इख," ती म्हणाली. "आता तुमच्या हातानं भरवा. आत्याबाईचं काही बरंवाईट झालं, तर पुन्हा मलाच धरसाल."