मधला पट्टा

आमच्या गावात अक्कल कमी आणि भांडणं उदंड. माझा थोरला भाऊ त्याला अपवाद नाही. "शेजारी बांध कोरतोय, विहीर जाईल, तू ये," असं त्याने रोज फोनवर रडगाणं लावलं, तेव्हा चडफडत रजा टाकली आणि गेलो. विहीर गेली की त्याची शेती संपली, आणि मग तो सहकुटुंब माझ्या दारात, हे मला कळत होतं.

शेतावर पाहतो तर बांध एक नव्हता, दोन होते. मध्ये बैलगाडी जाईल एवढा पट्टा. सगळं रान उन्हाने भेगाळलेलं, आणि हा पट्टा मात्र नुकता नांगरलेला, काळाभोर, ओला. वास बंद खोलीसारखा कोंदट. बैलाच्या खुराचा ठसा कुठे दिसेना. भावाची विहीर पट्ट्यापासून हातभर अंतरावर राहिली होती.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"त्याचं," भाऊ म्हणाला.

पलीकडच्या बांधावर शेजारी उभा होता. गाव त्याला टोपीवाला म्हणतं. त्याने माझ्या भावाकडे बोट केलं. "त्याचं. माझंही निम्मं रान खाल्लंय."

दोघांचीही जमीन जातेय, आणि दोघे एकमेकांची आई-बहीण काढत बसलेत! मला हसू आवरेना.

"मग आत उतरून मोजा की."

भाऊ वहाण बांधावर घासत राहिला.

"आम्ही नाही पाय ठेवत त्यात," टोपीवाला म्हणाला.

"तूच जा ना," भाऊ एकदम गोड आवाजात म्हणाला. "तू शिकलेला. जरा बघ बरं पाय ठेवून."

गावंढळ ते गावंढळच. बूट काढले, पँट दुमडली आणि उतरलो. माती गार होती. पाऊल उचललं की ती हळूच वर यायची. पार टोकापर्यंत जाऊन मागे वळलो.

माझ्या पावलांचे ठसे नव्हते. पुन्हा नांगरलेलं होतं.

मी धडपडत बांधावर चढलो. टोपीवाला वळसा घालून आमच्या बाजूला आला होता. वर्षानुवर्षं वैर धरलेले ते दोघे एकाच काडीवर विड्या पेटवत होते.

"आता कुणाचं रे?" टोपीवाल्याने विचारलं.

भावाने माझ्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिलं.

"त्याचं."

परवा भावाचा फोन आला. पट्टा बुजला, विहीर वाचली. आनंद नुसता उतू चालला होता. मूर्ख कुठला.

आज सकाळी मुलीच्या खोलीतली फरशी उचकटलेली दिसली. दारापासून सरळ रेषेत. खाली काळी, ओली माती.

तिच्या पलंगापासून हातभर अंतरावर.

"हे कुणाचं काम?" बायकोने विचारलं.

मी बाहेर गेलो. शेजारचे मास्तर व्हरांड्यात पेपर वाचत होते. जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असं समजणारा माणूस.

"मास्तर," मी गोड आवाजात हाक मारली. "तुम्हाला कळतं यातलं. जरा बघा बरं पाय ठेवून."

मास्तर खूश झाले. दारातच चपला काढून आत आले.