उसनी बैठक

दुरून सायकल येताना दिसली, की चालवणारी कोण हे सुनेत्रा वाघमोडेला चेहरा दिसायच्या आधीच कळायचं. प्रत्येकीची बसायची तऱ्हा वेगळी. कुणी मान आखडते, कुणाचे गुडघे बाहेर फेकले जातात. त्या सकाळी मिरजेबाहेरच्या सरावाच्या रस्त्यावर ती पुलाच्या कठड्याला टेकून पाणी पीत होती आणि समोरून एक सायकल येत होती. पाठ पाटासारखी सपाट, कोपरं आत ओढलेली, हनुवटी मुठींच्या मागे दडलेली, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. सुनेत्रानं बाटली खाली घेतली. ती बैठक तिची स्वतःची होती.

सायकल सूं करून पुढं गेली तेव्हा दिसलं, ती हर्षाली चौगुले होती. जतकडची, वीस वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी सायकलपटूंच्या शिबिरात आलेली. पायांत बैलाचं बळ, पण सायकलवर बसायची ती भर वाऱ्यात छत्री उघडून धरल्यासारखी. आणि आज ही अशी.

पुढच्या वळणावर प्रशिक्षक जमादार सर घड्याळ घेऊन उभे होते. सुनेत्रानं सायकल त्यांच्याजवळ नेली.

"सर, ती माझ्यासारखी बसलीये."

"बंडी घातलीये तिनं," सर म्हणाले. "आठवडा झाला."

त्या यंत्राचं खरं नाव 'अंगवळण'. पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी ओक यांनी ते बनवलं होतं. दिसायला साधी, अंगाला घट्ट बसणारी बंडी, म्हणून शिबिरात सगळे तिला बंडीच म्हणत. तिच्या धाग्यांत केसाएवढे संवेदक विणलेले होते. अंगावर हवा कुठं किती दाबते, श्वास किती भरतो, कोणता स्नायू कधी आवळतो हे ते टिपायचे. आणि अंग ठरलेल्या बैठकीतून जरा ढळलं, की तिथल्या स्नायूला विजेची हलकी चुणचुण देऊन बंडी त्याला जागेवर आणायची. दोनतीन आठवड्यांत ती बैठक अंगवळणी पडायची.

ताशी बेचाळीस किलोमीटरला सायकलस्वाराचा बहुतेक सगळा जोर हवा बाजूला सारण्यातच जातो. म्हणून वाकायचं. पण फार वाकलं की मांडी पोटाला भिडते, श्वास कोंडतो, पायांतला जोर उतरतो. हवेकडून वाचवलेलं पायांनी गमावू नये अशी एक जागा मध्ये कुठंतरी असते, आणि ती प्रत्येक अंगाची वेगळी. सुनेत्राला ती सापडायला अकरा वर्षं लागली होती. दर हिवाळ्यात सीट दोन मिलिमीटर वर, हँडल पाच मिलिमीटर खाली, मग पाठदुखी, मग पुन्हा पहिल्यापासून. बंडी तयार होत असताना ओक बाईंच्या वातबोगद्यात, पंख्यांच्या घोंघावत्या वाऱ्यात, तीन हिवाळे तीच बसली होती. नोंदी वापरायला तिनं हौसेनं सही दिली होती.

"बैठकीचा नकाशा माझाच घेतलात ना?" सुनेत्रानं विचारलं.

"तुझ्याएवढ्या स्वच्छ नोंदी दुसऱ्या कुणाच्या आहेत?" सर शांतपणे म्हणाले. "अंगाची मापंही जुळली. निवड पाच आठवड्यांवर आलीये, सुनेत्रा. तिला अकरा वर्षं कुठून देऊ?"

आशियाई स्पर्धेसाठी एकच जागा होती. सुनेत्रा तेहेतीस वर्षांची होती. पुढची स्पर्धा चार वर्षांनी.

त्यानंतर मात्र तिचं लक्ष स्वतःच्या सरावात राहिना. जेवणाच्या खोलीत हर्षाली भाकरी मोडायची तेव्हासुद्धा सुनेत्राची नजर तिच्या खांद्याकडं जायची. फळ्यावर रोजचे आकडे लागत. हर्षालीला होणारा हवेचा रोध सुनेत्रापेक्षा जरासाच जास्त, आणि पायांचा जोर एकवीस वॅटनं वर. आपण अकरा वर्षं जे अंगात मुरवलं ते हिनं कपड्यासारखं अंगावर चढवलं, हा विचार सुनेत्राच्या मनातून हलत नव्हता. पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. ती भेटली की वाकून पाया पडायची आणि म्हणायची, "ताई, समदं तुमचंच हाय बघा." ते ऐकून सुनेत्राच्या अंगाची लाही व्हायची.

एक गोष्ट फक्त तिलाच दिसत होती. तो उतरलेला उजवा खांदा काही कसब नव्हतं. सुनेत्रा दहा वर्षांपूर्वी सायकलवरून पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि ते खाली जुळलं होतं. तिचं अंग हळूहळू त्या व्यंगाभोवती घडत गेलं. यंत्राला त्यातलं शहाणपण कोणतं आणि जखम कोणती हे कळायचं काही साधन नव्हतं. त्यानं दोन्ही उचललं आणि धडधाकट खांद्याच्या मुलीला दिलं. हे सरांना सांगायला हवं, असं सुनेत्राला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. तिनं सांगितलं नाही.

निवडीच्या नऊ दिवस आधी हर्षाली तिच्या खोलीच्या दाराशी आली. उजव्या हाताची बोटं चोळत होती.

"ताई, तुमच्याबी बोटांना मुंग्या येत्यात का? अर्ध्या तासानंतर हात माझा नसल्यागत होतो."

सुनेत्रा सायकलची साखळी पुसत होती. खांद्याखाली शीर दाबली जातेय, हे तिला ताबडतोब कळलं.

"येतात," ती साखळीकडं बघत म्हणाली. "सवय होते."

"व्हय का. मग ठीक हाय," म्हणून हर्षाली समाधानानं निघून गेली.

निवडीची शर्यत तीस किलोमीटरची होती. एकेकीनं सुटायचं, घड्याळाविरुद्ध पळायचं. हर्षाली सुनेत्राच्या दोन मिनिटं आधी सुटली. पहिले दहा किलोमीटर सुनेत्राला ती दिसलीही नाही. कानातल्या यंत्रातून सर सांगत होते, ती तुझ्याहून सहा सेकंद पुढं आहे. मग आठ. सुनेत्रानं दात आवळले आणि मान आणखी खाली घातली.

अठराव्या किलोमीटरनंतर द्राक्षांच्या बागांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर एक ठिपका दिसला, आणि तो मोठा होत गेला. सुनेत्राला आनंदानं धाप लागली. हर्षाली मंदावली होती. आणखी जवळ गेल्यावर कारण दिसलं. तिचा उजवा हात हँडलवरून सुटून लोंबत होता. ती तो झटकत होती, आणि तिनं उठून बसायचा प्रयत्न केला की बंडी तिला पुन्हा खाली ओढत होती. पुढं उतार होता, आणि उताराच्या तळाशी ओढ्यावरचं काटकोनी वळण.

बाजूनं निघून जाणं सोपं होतं. निवड झाल्यातच जमा होती, आणि बोलल्याचं कुणाला कळणारही नव्हतं. न बोलल्याचंही नाही. सुनेत्रा तिच्या बरोबरीला आली आणि तिनं पायडल मारणं थांबवलं.

"बंडीची चेन खाली ओढ, ती बंद पडेल," ती म्हणाली. "उठून बस. डाव्या हातानं आत्तापासूनच ब्रेक लाव, हळूहळू. मी तुझ्याशी खोटं बोलले होते. मला मुंग्या कधीच येत नाहीत."

हर्षालीनं तिच्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं चेन ओढली आणि ती ताठ बसली, पूर्वीसारखी, छत्री उघडल्यासारखी. हर्षाली वळणावरून सुखरूप गेल्याचं मागं वळून पाहिल्यावरच सुनेत्रानं पुन्हा जोर लावला.

तरीही सुनेत्राच निवडली गेली. संध्याकाळच्या आत तिनं सरांना सगळं सांगितलं, ओक बाईंनाही फोन केला. "जागा तुझी आहे, ती घड्याळानं दिलीये," एवढंच म्हणून सर उठून गेले.

आठवड्यानं सरावाच्या रस्त्यावर हर्षाली भेटली. बंडी नव्हती. बोटं ठीक होती. सुनेत्रा माफी मागायला लागली, तर तिनं मान हलवली.

"त्याचं न्हाई काही. मला दुसरंच इचारायचंय." ती थोडी घुटमळली. "शिबिरात आले तवा कुणी पुढं गेलं तरी मला काही वाटायचं न्हाई. पळू दे म्हणायचे. आता कुणी पुढं गेलं की दात आपोआप आवळतात, मान खाली जाती, आणि पोटात जळायला लागतं. त्या दिवशी तुम्ही पुढं गेलासा, तवा वाटलं, ही पडावी. बंडी काढली तरी ते जाईना."

वातबोगद्यात नोंदी घेताना समोरच्या पडद्यावर दुसरी सायकल पुढं काढून दाखवत, तेव्हा आपलं अंग काय काय करायचं, ते सुनेत्राला आठवलं. ओक बाई म्हणाल्या होत्या, मनातलं काही नोंदलं जात नाही, फक्त स्नायू, श्वास आणि नाडी.

"ताई," हर्षाली म्हणाली, "हे जळणं तुमचं हाय, का माझं?"