अकरा चाळीसची नोंद

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. मामांनी स्वतः सांगितलं, तेही मान खाली घालून.

रात्र नव्हती. सकाळचे अकरा चाळीस. प्रयोगशाळेचा तिसरा मजला, शेवटची खोली.

मामांचं काम शिशाच्या अणुगाभ्यांवर. दोन गाभे प्रचंड वेगाने एकमेकांजवळून जातात. शिवतही नाहीत. तरी त्यांच्याभोवतीचे प्रकाशकण एकमेकांवर आदळतात आणि नवे कण जन्मतात. त्या प्रकाशाच्या कंपनाला ठरावीक दिशा असते, म्हणून कण चार बाजूंना जास्त निघतात. आलेखात चार उंचवटे यायला हवेत.

मामांना ते दिसत नव्हते.

तिथे कण निघण्याचा खरा कोन एका गुप्त आकड्याने फिरवून ठेवतात. मोजणी संपेपर्यंत त्या आकड्याची फाइल उघडायची नाही. उघडली, की माणूस हवं तेच उत्तर काढतो. कोणी उघडली, याची नोंद संगणक ठेवतो.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. चुका शोधण्यात पटाईत, म्हणून सगळे तिला 'बारकाई' म्हणायचे. ती चहा आणायला गेली... तिचा संगणक उघडाच होता.

अकरा चाळीसला मामांनी तिच्या नावावर फाइल उघडली. एकदाच.

ठपका तिच्यावर आला. मामा मूग गिळून बसले. तिला गटातून काढलं. दोन महिन्यांनी ती तापाने गेली.

तिचं संगणकावरचं खातं बंद झालं. आणि एके सकाळी...

नोंदीत तिचं नाव. अकरा चाळीस.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही...

"खातंच नाही हो, मग उघडतंय कोण?" संगणकवाल्याने डोकं खाजवलं.

बैठकीत ती यादी पडद्यावर आली.

"मेली तरी हिची डोकावायची हौस फिटली नाही!" कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मामाही हसले.

त्याच आठवड्यात तिचे वडील सामान न्यायला आले. एका खोक्यात मग, स्वेटर, दोन वह्या.

"साहेब, माझ्या पोरीने खरंच लबाडी केली का हो?"

"मला काही माहीत नाही," मामा म्हणाले.

वडील रागावले नाहीत.

"असू द्या. मी तिला म्हटलं, आता कोणी बोलणार नाही. पण ऐकतच नाही. रोज येऊन म्हणते... 'बाबा, थांबा. शेजारचे सर सांगतील.'"

मामांनी खोकं त्यांच्या हातात दिलं आणि दार उघडून धरलं.

याला अकरा वर्षं झाली. नोंद अजून पडते.

"तिची भीती नाही वाटत रे," मामा मला म्हणाले. "तिचा अजून विश्वास आहे, त्याची लाज वाटते."

तिचे वडील हयात आहेत. पत्ता माझ्याकडे आहे. मीही अजून गेलेलो नाही...