हवा लागता कामा नये!

"उकळली! पुन्हा उकळली!"

भोंगा रस्त्याच्या टोकापासूनच ओरडत आला. त्याचा आवाज गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जायचा, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं. त्याच्यामागून मावशी मोटारसायकल ढकलत येत होती. ती घामानं निथळत होती आणि गाडीच्या पोटातून अजून वाफ निघत होती.

भोंग्याच्या मावसबहिणी, शंका आणि टिकली, गॅरेजच्या पायरीवर बसल्या होत्या. तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती. तेरा वर्षांची शंका दर दोन वाक्यांमागे एक प्रश्न विचारायची. टिकली होती सात वर्षांची, आणि सध्या ती फक्त साबणाचे फुगे सोडायची.

"पेटी कुठाय?" मामानं विचारलं.

"एका ट्रकवाल्याबरोबर पाठवली. पोहोचायला दहा वाजले." मावशी धप्पकन स्टुलावर बसली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर व्हायची ही दुसरी वेळ. उद्या नऊच्या आत पेटी आली नाही, तर परवापासून हे काम जीपवाल्याला. त्यांचंही बरोबर आहे रे दादा. बर्फ वितळला की लस वाया जाते."

मावशी रोज सकाळी बर्फाच्या पेटीतून लस घेऊन डोंगरावरच्या दवाखान्यात जायची. "बाईला घाट झेपणार नाही," असं म्हणणाऱ्यांची तोंडं तिनं तीन वर्षं बंद ठेवली होती. आता तिचे डोळे भरून आलेले पाहून भोंगासुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा!

"काही काळजी करू नकोस!" मामानं मागच्या खिशातून पाना काढला. तो पाना जेवतानासुद्धा त्याच्या खिशात असायचा, म्हणून सगळे त्याला पानामामा म्हणत. "आणखी दोन भोकं पाडतो!"

"अजून दोन?" मावशीनं कपाळाला हात लावला.

दहा दिवसांपूर्वी दगड लागून गाडीच्या रेडिएटरचा पंखा मोडला होता. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी जाळी, आणि तिच्या मागे पंखा. मामानं तिथं दुप्पट मोठा पंखा बसवला आणि तो चालू-बंद करायला हँडलवर बटणही दिलं. तेव्हापासून गाडी तापायला लागली. मग हवा आत जावी म्हणून मामानं पुढे सुपासारखा पत्रा ठोकला. तरी तापली. मग बाजूच्या झाकणांना भोकं पाडली. आता ती गाडी कमी आणि किसणी जास्त दिसत होती.

"मावशी, ती नेमकी कधी तापते गं?" शंकानं वही उघडली.

"चढावर. गंमत म्हणजे बाजूला उभी केली की तापमानाचा काटा खाली येतो. निघाले की पुन्हा वर!"

"उभी असताना गार आणि पळताना गरम? पळताना तर जास्त वारा लागायला हवा!"

"सगळं उलटंच आहे," भोंगा म्हणाला. शंकानं तेही लिहून घेतलं.

"पंखा एकदम झकास आहे!" मामानं बटण दाबलं. पंखा घूं घूं करत फिरू लागला. मामा गाडीच्या पुढे उकिडवा बसला आणि जाळीसमोर हात धरला. "बघा, काय हवा लागतेय! केस उडतायत माझे!"

आणि मामा ड्रिल शोधायला आत गेला.

मोठी माणसं बोलत असली की टिकलीला फार कंटाळा यायचा. ती गाडीसमोर उभी राहिली आणि तिनं जाळीकडे तोंड करून एक फुगा सोडला. फुगा पुढे गेला, थबकला आणि उलटा येऊन तिच्या नाकावर फुटला!

"ए! गाडी माझे फुगे परत पाठवतेय!"

भोंगा खो खो हसला. शंका मात्र हसली नाही. "टिकले, पुन्हा सोड!"

दुसरा फुगा परत आला. तिसरा, चौथा, सगळे परत.

कोपऱ्यात पोस्टमनकाकांची गाडी उभी होती, अगदी याच जातीची. फक्त चाकासाठी आली होती आणि संध्याकाळी परत जायची होती. मावशीनं ती सुरू करून दिली. इंजिन तापलं तसा तिचा पंखा आपोआप फिरू लागला. टिकलीनं फुगा सोडला. तो सरळ जाळीकडे ओढला गेला आणि फट्!

"खाल्ला!" टिकली ओरडली.

"ही गाडी हवा आत ओढते," शंका हळूच म्हणाली, "आणि मावशीची गाडी बाहेर फेकते! मावशी, तू निघालीस की वारा समोरून आत यायला बघतो आणि पंखा त्याला बाहेर ढकलतो. दोघांच्या भांडणात रेडिएटरला कुणाचीच हवा मिळत नाही!"

"मामा! पंखा उलटा फिरतोय!" भोंग्यानं आरोळी ठोकली.

"काहीतरीच!" मामा ड्रिल घेऊन बाहेर आला. "वीस वर्षं झाली मला या धंद्यात. साबणाच्या फुग्यांवरून गाड्या दुरुस्त होत नसतात! पंख्यासमोर हात धरला, हवा लागली, पंखा चांगला. विषय संपला!"

आता सांगून उपयोग नव्हता. शंकानं भोंग्याला डोळा मारला.

"मामा," ती साळसूदपणे म्हणाली, "पोस्टमनकाकांचा पंखा बिघडला वाटतं. हवाच लागत नाही."

"अरेच्चा! बघू." मामा त्या गाडीसमोर बसला. त्यानं हात धरला, मग दुसरा हात धरला, मग गालही जवळ नेऊन पाहिला. "खरंच की. बंदच पडलाय बिचारा!"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

शंकानं वहीचं एक पान फाडून जाळीसमोर धरलं आणि सोडून दिलं. पान चट्कन जाळीला चिकटलं आणि तिथंच थरथरत राहिलं.

"मग हे कुणी धरून ठेवलंय, मामा?"

मामा पानाकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून मागून पंखा पाहिला. तो मजेत फिरत होता. शंकानं तेच पान मावशीच्या गाडीसमोर धरलं. ते फडफडत थेट मामाच्या तोंडावर आलं.

मामानं ते तोंडावरून काढलं.

"मी गाढव आहे," मामा म्हणाला.

"असं म्हणू नये," टिकली म्हणाली.

"अगं, नव्या पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या होत्या! कुठली कुठे, काही लिहिलेलं नव्हतं. मी जोडल्या आणि समोर बसून हवा लागते का ते पाहिलं, आपण टेबलफॅनसमोर बसतो ना, तसं! पहिल्यांदा जोडल्या तेव्हा हवा लागलीच नाही. मला वाटलं चुकलं. म्हणून मीच त्या उलट्या केल्या!"

"म्हणजे पहिल्यांदा बरोबर होत्या?" मावशी उठून उभी राहिली. "दादा! आणि माझ्या गाडीची चाळण केलीस ती?"

मामानं निमूटपणे दोन वायरींची अदलाबदल केली. पाच मिनिटंही लागली नाहीत. टिकलीनं फुगा सोडला. फट्! गाडीनं तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी बांधून मावशी निघाली आणि तिघं पायरीवर येऊन बसली. नऊ वाजले. साडेनऊ झाले. "ती कुठं अडकली असेल तर?" भोंगा चक्क कुजबुजला. शंकानं वही पुन्हा उघडून पाहिली. गणित चुकलं असेल तर मावशीचं काम गेलं, आणि तेही आपल्यामुळं!

तेवढ्यात वळणावर ओळखीचा हॉर्न वाजला.

"आठ चाळीस!" मावशीनं हेल्मेट काढण्याआधीच ओरडून सांगितलं. "आठ चाळीसला पोहोचले! काटा जागचा हलला नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीपवाल्याला नाही म्हणून कळवते. आणि म्हणाल्या, तुमच्या मेकॅनिकला शाबासकी द्या."

मामानं खाली मान घातली. मावशीनं तिघांना एकदमच कवेत घेतलं. "मी म्हटलं, तीन आहेत. एक प्रश्न विचारते, एक ओरडतो आणि एक फुगे सोडते."

"मीच पहिली!" टिकली म्हणाली.

मामा आत गेला आणि खडू घेऊन आला. भिंतीवर, पान्यांच्या फळीच्या वर, त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'समोर हवा लागता कामा नये!' मग त्यानं मावशीच्या गाडीचं बटण दाबलं, समोर उकिडवा बसला आणि जाळीपुढे हात धरला.

"काय रे दादा, लागतेय का हवा?" मावशीनं विचारलं.

"अजिबात नाही!" मामा आनंदानं ओरडला. त्यानं टिकलीच्या हातातली साबणाच्या पाण्याची डबी घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'गॅरेजचं सामान. हलवू नये.'