रडलं, एकदा

बेचाळीस सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारचं जेवण उरकून, सात वर्षांच्या पोरीला शेजारणीच्या ओट्यावर बसवून फिलू निघाली. उत्तनच्या किनाऱ्यालगत ह्युबर्टचं घर, त्याची बायको आयरिन सकाळपासून अडली होती. फिलूच्या काखेत सुईणीचं गाठोडं होतं. त्यात जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे, दोरा, खोबरेलाची बाटली आणि रुमालात बांधलेला एक पांढरा शिंपला. वाटेच्या दोन्ही बाजूंना बोंबील वाळत होते आणि कावळे नेहमीसारखे त्यांच्यावर टपून होते. वेगळं म्हणावं असं त्या दुपारी काहीच नव्हतं.

गाठोडं फिलूच्या आईचं, लुईझाचं. लुईझा ईस्टरनंतरच्या आठवड्यात वारली. बाई कसली, वादळ होतं. अर्धं उत्तन तिच्या हातावर जगात आलं, आणि बरेचसे बाप तिच्या शिव्या खाऊनच बाप झाले. ती ओट्यावर हात धुवायची आणि धुतलेला हात कडीला लागू नये म्हणून दाराला गुडघा हाणायची. तो धक्का ऐकला की आतल्या बाईला निम्मा धीर यायचा. कुठल्याही पावसात, कुठल्याही तापात ती कुणाला नाही म्हणाली नाही. फिलूला आईचा फार अभिमान होता.

एक गोष्ट मात्र तिला आयुष्यभर सलत राहिली. मूल मेलेलं जन्मलं की बाळंतीण विचारायची, "रडलं का ग?" आणि लुईझा उत्तर द्यायची नाही. भिंतीकडे तोंड करून भांडी धूत बसायची. बाई हंबरडा फोडायची, तरी लुईझाच्या तोंडून शब्द निघायचा नाही. दगडाचं काळीज, असं बायका म्हणत. फिलूही मनात तेच म्हणायची.

मरायच्या आदल्या दिवशी लुईझानं तिला जवळ बसवलं आणि शिंपला तिच्या हातात दिला. हा शिंपला लुईझाच्या आईचा, कातरीनचा.

नियम गावात सगळ्यांना ठाऊक होता. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला कबरस्तानाच्या भिंतीआत जागा नाही. त्याला भिंतीबाहेर, दर्याच्या बाजूला पुरायचं, वर क्रूसही नाही. फादर वेळेवर पोचले नाहीत तर सुईणीनं कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला तरी चालतं, पण मूल जिवंत हवं.

"मेलेल्यावर पन मी पानी ओतायची," लुईझा म्हणाली. "फादर विचारतात, रडलं काय? मी सांगायची, रडलं, एकदा. माजी आय पन तेच करायची."

"आय, हे पाप हाय!"

"असंल. माज्या नावावर लिव्हलंय, तुज्या न्हाय. ऐक. एकदाच सांगायचं. आन फादरलाच. एकदा सांगितलं की ते बिचारं एकदा रडतं... आपलं खोटं खरं करतं. दोनदा सांगायचं न्हाय."

"दोनदा सांगितलं तर?"

लुईझानं तिचे हात हातात घेतले. फिलूचे हात जन्मापासून बर्फासारखे गार, ऐन वैशाखातसुद्धा. कितीदा त्यावरून तिची थट्टा व्हायची.

"तुज्या मोठ्या आयनं, माज्या आयनं, सांगितलेलं दोनदा," लुईझा हळूच म्हणाली. "तुज्या जन्माला. तू उठलीस... आन सांजच्या घंटेला ती गेली."

म्हातारी वातात बोलतेय, असं फिलूनं स्वतःला समजावलं. कातरीन आपल्या जन्माच्या दिवशी संध्याकाळी गेली, पाळण्याला पाठ टेकून बसल्या बसल्या गेली, एवढं मात्र तिला लहानपणापासून माहीत होतं.

आणि आता आयरिनचं मूल दुपारी दोनला जन्मलं. मुलगा होता. निळा पडलेला, गळ्याभोवती नाळ. फिलूनं नाळ सोडवली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. जे जे लुईझानं शिकवलं ते सगळं केलं. शेवटी शिंपल्यातनं पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले आणि त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाहेरच्या खोलीत सुपात ठेवलं. ह्युबर्ट फादरना आणायला गेला होता. बाहेर ओहोटी लागलेली, कावळेसुद्धा गप्प झालेले. घरात खोबरेलाचा आणि रक्ताचा वास भरून राहिला होता.

"फिलू," आयरिन अंथरुणातून म्हणाली. "रडलं का ग?"

फिलू भिंतीकडे वळली.

"पहिलं माजं भिंतीभायेर गेलं... माहेराला. पावसात दर्यानं ती जागाच नेली. सांग ना ग. याला तरी आत जागा मिळंल काय?"

फिलूच्यानं राहवलं नाही. आईसारखं दगड होणं तिला जमलं नाही. ती वळली आणि म्हणाली, "रडलं. एकदा."

बाहेरच्या खोलीत मूल रडलं.

एकदाच. बारीक, कोरडं रडणं. आयरिनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ती हसली आणि ग्लानीत गेली. फिलू धावत बाहेर आली, तिनं कापड सोडलं. ओठ मिटलेले. छातीला कान लावला. काही नाही. अंग तर मघापेक्षाही गार.

तिथेच तिला सगळं कळलं. आई भिंतीकडे तोंड का करायची, ते कळलं. सांगण्याची ती एक वेळ फादरसाठी राखून ठेवायची होती. चाळीस वर्षं बायकांच्या शिव्या गिळून लुईझानं ती राखली, आणि आपण पहिल्याच खेपेला दयेपोटी उधळली. आता फादर येणार आणि विचारणार. गप्प राहिलं तर हे पोर भिंतीबाहेर. सांगितलं तर संध्याकाळच्या घंटेला आपली पोर शेजारणीच्या ओट्यावर आईची वाट बघत बसणार.

ती आत आली, आयरिनच्या पायाशी बसली. आयरिन झोपेतही हसत होती. फिलूला आईची इतकी आठवण आली की तिनं तोंडात पदर कोंबला. "आय," ती पुटपुटली, "मी काय करू ग..."

ओट्यावर छत्री टेकल्याचा आवाज झाला. फादर आले, ह्युबर्ट अजून मागे वाटेवरच होता. हे फादर पावसाळ्यानंतर बदलून आलेले, गावात नवे. फिलू उठली. सांगायचं, असं तिनं ठरवलं. दोन खोल्यांमधल्या पडद्याला हात घातला...

तेवढ्यात दाराला धक्का बसला. गुडघ्याचा.

"मूल रडलं होतं का?" फादरांचा आवाज आला.

"रडलं, फादर. एकदा."

फिलूचा हात पडद्यावरच राहिला. त्या आवाजात ती वाढली होती.

आणि मूल रडायला लागलं. यावेळी थांबलंच नाही. आयरिन दचकून उठली, फिलू पडदा ओढून बाहेर आली. सुपात पोर लाल होऊन पाय झाडत होतं. दारात फादर एकटेच उभे होते.

"अगं, हा तर चांगला ठणठणीत आहे!" फादर म्हणाले. "आणि तुझी आई म्हणते, एकदा रडलं!"

"आई... कुठाय?"

"आत्ताच गेली टेकडीकडे. थांबा म्हटलं तर थांबली नाही. फार फटकळ आहे हं. मला म्हणाली, फिलूला सांगा, मेलेल्या बाईचं काही जात न्हाय. पन पुढच्या खेपेला तिचं तिनं बघायचं." फादर हसले. "काहीतरी गावची म्हण असेल."

फिलूनं पोराला उचललं. त्याचे हात गार होते. तिच्या हातांइतकेच.

सांजची घंटा झाली. ती घरी पोचली होती, पोरीला मांडीवर घेऊन श्वास मोजत बसली होती. घंटा संपली, चुली पेटल्या, आणि फिलू जिवंत होती. त्या रात्री ती आईसाठी जेवढी रडली तेवढी ईस्टरनंतर ती गेली तेव्हासुद्धा रडली नव्हती.

त्यानंतर तिनं कुठल्याही बाळंतिणीला उत्तर दिलं नाही. बायका म्हणू लागल्या, आईवर गेली, दगड आहे. तिची पोर चौदा वर्षांची झाली, गाठोडं घेऊन मागे मागे येऊ लागली. "आय, तू बोलत का न्हायस त्यांच्याशी?" असं ती रागानं विचारायची. फिलू शिंपला पुसून रुमालात बांधायची.

ह्युबर्टच्या दारावर त्या दुपारपासून गुडघ्याच्या उंचीवर तांबड्या मातीचा डाग आहे. उत्तनच्या त्या किनाऱ्यावर सगळी वाळू, तांबडी माती फक्त टेकडीवरच्या कबरस्तानात. ह्युबर्टनं दार दोनदा धुतलं, एकदा रंगवलं, तरी तो गेला नाही. परवा आयरिन पुन्हा अडली म्हणून मायलेकी तिथे गेल्या, तेव्हा फिलूनं ओट्यावर हात धुतले आणि सवयीनं डागाकडे पाहिलं.

डाग ओला होता. शेजारी तसाच दुसरा होता, नवा, थोडा खाली. पोरीच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि पोर तर अजून ओट्यावर चढलीही नव्हती.