पारा उतरेना

नीलम चढली ती चुकीच्या घराच्या गच्चीवर. तिला पाहायचं होतं शेजारचं. पण अकोल्याच्या जुन्या शहरात जिने एकमेकांना चिकटलेले. वर एक तरुण बनियनवर, भर दुपारी, तापल्या गच्चीवर बादलीनं पाणी ओतत होता.

"काहून ओतून राहिले? छत फुटीन ना."

"तुम्ही कोण?"

"घर थंड करणारी. अमरावतीहून आली."

"मग आमचंच करा..." बादली कधी रिकामी झाली, त्याला कळलं नाही.

तो यशोधन. घर शंभर वर्षांचं. वडील कमलाकांत वकील, एसी लावायला झरोके विटांनी बुजवायला निघालेले. फुकटचा वारा अडवायचा अन् वीज जाळायची; शिकलेल्या लोकांची अक्कल!

नीलमनं वकिलांकडून पंधरा दिवस मागून घेतले; पारा उतरला नाही तर गवंडी. स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम. गच्चीवर पांढरा चुना दिला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, माडीवर थर्मामीटर टांगला. वकील दिवसभर कोर्टात, म्हणून आकडा रोज दुपारी यशोधननं दोघांना कळवायचा.

एक्केचाळीस. पुन्हा एक्केचाळीस. दर दोन दिवसांनी ती एसटीनं अकोल्याला, पोचेस्तोवर ऊन उतरलेलं. तो पडद्यावर पाणी शिंपडायचा, चार थेंब तिच्या मनगटावर... ती पुसायची विसरायची. चुकलं कुठं — चुन्यात, की आपल्यातच?

पंधराव्या दिवशी ती न सांगता, भर दुपारी आली. थर्मामीटर माडीवर नव्हताच! मागच्या पत्र्याच्या शेडखाली लटकत होता. तिनं तो आत आणला. पाव तासात चौतीस.

"हे काय होय?"

"घर पहिल्याच आठवड्यात थंड झालं," यशोधन खाली बघत म्हणाला. "मग तुम्ही कशाला आल्या असत्या..."

संताप आला. अन् आणखीही काहीतरी — कोणतं जास्त, तिला कळेना.

"माझं नाव बुडून राहिलं, अन् तुमाले प्रेम सुचते?"

"प्रेम म्हटलं नाही मी अजून."

"मंग म्हना."

"...आहे."

"असं कोपऱ्यात नाई. खाली तुमचे बाबा गवंडी घेऊन बसले. त्याइले सांगा, काम बरोबर होतं, खोटं तुमी बोलले. काहून बोलले तेही सांगा. अन् मी जयभीमवाली आहो, हे बी."

तो उतरला. 

थोड्या वेळानं गवंडी थापी पिशवीत टाकून निघून गेला. मग यशोधनचा आवाज, पुढचं सांगताना अडखळत... अन् मग वकीलसाहेबांची खुर्ची करकरत मागे सरकली.

आता बस पकडावी की काय करावं? काहीच ठरेना. तरी ती जिना उतरली, अन् सरळ यशोधनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.